वीज गेल्यावर नाव कुठे थांबते? पर्यटनमंत्र्यांना खुले पत्र

मा. पर्यटनमंत्री,
महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

गेल्या मे महिन्यात नातीला घेऊन एका वॉटर पार्कला गेलो होतो. तिथल्या एका घसरगुंडीत ट्यूब आधी खाली येते आणि मग पाण्याच्या फवाऱ्याने पुन्हा चढावर रेटली जाते. आम्ही रांगेत असताना वीज गेली. फवारा बंद पडला, निम्म्या चढावर पोचलेली ट्यूब मागे घसरली आणि खोलगट जागी झुलत राहिली. तिच्यात एक बाई आणि लहान मुलगा होता. वर ट्यूब सोडायच्या कामावर असलेल्या पोराने पुढची ट्यूब सोडायला पाय लावलाच होता. खालून शिट्टी ऐकू आली म्हणून त्याने ती दोन्ही हातांनी धरून ठेवली. वीज गेली तरी उतार चालूच असतो.

मी ३० वर्षं तंत्रनिकेतनात विद्युत यंत्रं शिकवली, म्हणून हे पत्र लिहितो आहे.

परदेशात फवाऱ्याची जागा आता चुंबक घेऊ लागला आहे. अमेरिकेत इंडियानातल्या हॉलिडे वर्ल्डमध्ये २०१० साली 'विल्डबीस्ट' आणि २०१२ साली 'मॅमथ' या राइड याच तंत्रावर सुरू झाल्या. दोन्ही अर्ध्या किलोमीटरहून लांब आहेत. शेतातल्या पंपाची मोटर उभी चिरून सतरंजीसारखी अंथरली, की झाली लिनियर इंडक्शन मोटर! चढाच्या पन्हळीखाली तारांची वेटोळी, ट्यूबऐवजी असलेल्या नावेच्या तळाला धातूचा पत्रा. वेटोळ्यांत वीज सोडली की चुंबकक्षेत्र पुढे सरकत जातं, पत्र्यात प्रवाह उमटतो आणि नाव त्या क्षेत्रामागे ओढली जाते. साखळी नाही, पट्टा नाही, घर्षणही नावापुरतं. माझे विद्यार्थी या मोटरची आकृती परीक्षेत हमखास काढायचे, चालताना मात्र ती कुणी पाहिली नव्हती. शिवाय नाव चढवायला फवाऱ्याचं पाणी लागत नाही, पन्हळ ओली राहिली की पुरतं. २०१६ साली लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलेल्या राज्यात याचं मोल मी सांगायला नको. हे तंत्र आपल्याकडे यावं असं मला मनापासून वाटतं.

काळजी वाटते ती तपासणीची. नाव कुठवर आली, तिचा वेग किती, पुढचा चढ मोकळा आहे का, हे इथे सेन्सर सांगतात आणि कंट्रोलर त्यावरून जोर ठरवतो. पन्हळीला गेलेला तडा डोळ्यांना दिसतो, गंजलेला बोल्ट हाताला लागतो. प्रोग्रॅममधली चूक कागदावर सही करणाऱ्याला दिसणार नाही.

कॅन्सस सिटीतली 'फेररुक्ट' ही घसरगुंडी २०१४ साली जगातली सर्वांत उंच म्हणून सुरू झाली. उंची सुमारे ५१ मीटर. तिथे चुंबक नव्हता, पण उतारानंतर चढ होता आणि एका नावेत बसणाऱ्या तिघांच्या एकत्रित वजनाचं गणित होतं. ७ ऑगस्ट २०१६ रोजी त्या चढावर नाव हवेत उडाली आणि १० वर्षांचा मुलगा दगावला. त्या वेळी कॅन्ससमध्ये पार्कला आपल्या राइडची तपासणी आपणच करून घेण्याची मुभा होती. कायदा कडक झाला २०१७ मध्ये, मुलगा गेल्यानंतर.

आपल्याकडे हा क्रम उलटा असावा, एवढंच मागणं आहे. चुंबकावर चालणाऱ्या पहिल्या राइडला परवाना देण्याआधी पार्कशी कसलाही संबंध नसलेल्या विद्युत अभियंत्याने ती तपासावी. चाचणी कागदावर नको. नाव निम्म्या चढावर असताना त्याच्यासमोर मेन स्विच पाडावा: एकदा पूर्ण वजनाने, एकदा अगदी हलक्या नावेवर. वरची पुढची नाव आपोआप अडते का, की शिट्टी मारावी लागते, हे पाहावं. बंद नळीत अडकलेल्या माणसांना मे महिन्याच्या उन्हात किती मिनिटांत बाहेर काढता येतं, हे घड्याळ लावून मोजावं. नावेत बसण्याआधी वजन व्हावं, आणि पेसमेकर असलेल्यांसाठी सूचना रांगेच्या सुरुवातीलाच, मराठीत, मोठ्या अक्षरांत असावी. राइड जितक्या वेळा मध्येच थांबेल तितक्या वेळा कारणासह नोंद व्हावी आणि ती वही तपासनिसाला कधीही मागता यावी.

नातीला येत्या सुट्टीत पुन्हा जायचं आहे. मीही नेणार आहे. या चाचणीचा नमुना तयार करायला कुणी हवं असेल तर मी मंत्रालयात येईन, मानधन नको.

आपला,
विद्युत अभियांत्रिकीचा एक निवृत्त अधिव्याख्याता