मुले किती ते कळले, शाळा किती?

महोदय,

शाळकरी मुलांच्या पाहण्यांच्या बातम्या मी नेमाने वाचतो. अमुक हजार मुले तपासली, त्यातल्या इतक्या टक्क्यांना भागाकार येत नाही. किंवा नव्या पद्धतीने शिकलेली मुले जुन्या पद्धतीच्या मुलांपेक्षा इतक्या गुणांनी पुढे. मुलांचा आकडा बातमीत हमखास असतो आणि तो जितका मोठा तितका मथळाही मोठा. ती मुले किती शाळांतून घेतली, कशी निवडली, निवडलेल्यांपैकी किती जण त्या दिवशी सापडलेच नाहीत, याचा मात्र पत्ता नसतो. उमेदीची काही वर्षे मी प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे घेऊन अशाच पाहण्यांसाठी शाळाशाळांतून फिरलो आहे, म्हणून हे पत्र.

आधी हिशेब मांडतो. हजार मुले अगदी सुटी सुटी, चिठ्ठ्या टाकून निवडली, तर येणारी टक्केवारी खऱ्या टक्केवारीपासून शंभरातल्या ९५ वेळा फार तर ३ टक्क्यांनी इकडेतिकडे असते. बातमीत कधीमधी छापली जाते ती हीच ‘३ टक्के’. पण मुले अशी सुटी मिळत नाहीत. शाळेत जावे लागते, आणि गेलोच आहोत तर अख्खा वर्ग परीक्षेला बसवला जातो. समजा २५ शाळांतले ४०-४० मुलांचे वर्ग घेतले. हजार भरली. पण एका वर्गातली मुले एकाच शिक्षकाच्या हाताखालची, बहुधा एकाच वस्तीतली. अपूर्णांकांचा धडा त्या वर्गात उरकून टाकलेला असेल, तर चाळीसच्या चाळीस उत्तरपत्रिका त्याच गणिताशी अडखळतात. पहिल्या पाच-सहा पाहिल्या की उरलेल्यांत काय असणार ते कळते. उत्तरांतल्या एकूण चढउतारापैकी पाचवा हिस्सा जर शाळाशाळांमधल्या फरकाचा असेल, आणि एवढा तो असणे मुळीच दुर्मीळ नाही, तर त्या हजार मुलांचे वजन सुमारे ११४ सुट्या मुलांइतकेच भरते. चूक ३ टक्क्यांवरून ९ टक्क्यांवर जाते. तीच हजार मुले १०० शाळांतून दहा-दहा अशी घेतली, तर वजन सुमारे ३५७ मुलांचे आणि चूक ५ टक्क्यांच्या आसपास. मुलांचा आकडा तोच. वाढते ती पायपीट, आणि पाहणी काढणारे नेमके तिथेच हात आखडतात.

याचा फटका केवढा बसतो त्याचे एक उदाहरण ब्रिटनमधले आहे. १९७६ साली शिक्षणाचे अभ्यासक नेव्हिल बेनेट यांचा एक अभ्यास गाजला. ३७ शिक्षकांचे वर्ग घेऊन त्यांनी असे दाखवले, की रूढ, शिस्तीच्या पद्धतीने शिकवणाऱ्यांची मुले मोकळ्या पद्धतीच्या वर्गांतल्या मुलांपेक्षा पुढे जातात. वर्तमानपत्रांनी तो उचलून धरला, शाळांवरून वाद पेटला. मात्र विश्लेषण करताना प्रत्येक मूल जणू स्वतंत्र, असे धरले होते. खरे तर शिकवण्याची पद्धत मुलागणिक बदलत नाही, शिक्षकागणिक बदलते. म्हणजे तुलना शेकडो मुलांची नव्हती, तीन-साडेतीन डझन शिक्षकांची होती. १९८१ मध्ये संख्याशास्त्रज्ञ मरे एटकिन आणि सहकाऱ्यांनी वर्ग हा घटक हिशेबात धरून तीच आकडेवारी पुन्हा तपासली, तेव्हा पद्धतींमधला तो फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. या फेरतपासणीत खुद्द बेनेटही सहभागी होते. मला या प्रकरणातली ही सर्वांत भावणारी गोष्ट. आधीच्या गाजावाजापुढे दुरुस्ती मात्र फारशी कुणाच्या कानावर गेली नाही.

आतापर्यंतची चूक निदान मोजता तरी येते. दुसऱ्या जातीची चूक मोजताही येत नाही आणि मुले वाढवून ती तसूभरही कमी होत नाही. स्कॉटलंडच्या लॅनार्कशायरमध्ये १९३० साली, फेब्रुवारी ते जून, ६७ शाळांतल्या २०,००० मुलांवर एक प्रयोग झाला. निम्म्यांना शाळेत रोज दूध, निम्म्यांना नाही, आणि मग वजन-उंचीची तुलना. निवड काही ठिकाणी चिठ्ठ्यांनी, काही ठिकाणी नावांच्या अक्षरक्रमाने झाली. इथवर ठीक. पण एखाद्या गटात फारच धष्टपुष्ट किंवा फारच किडकिडीत मुले जमली, तर त्यांची अदलाबदल करायची मुभा शाळांना दिली होती. प्रयोगाच्या सुरुवातीलाच दूध न मिळणारा गट वजनाने आणि उंचीने वरचढ निघाला. गरीब पोरांच्या तोंडी दूध पडावे, असे शिक्षकांना वाटले असावे. कोणाला वाटणार नाही? त्यातून वजने कपड्यांसकट केलेली. हिवाळ्यातले जाड कपडे जूनमध्ये उतरले, ते अर्थातच ज्यांच्या अंगावर होते त्यांच्याच, म्हणजे बहुधा दूध न मिळालेल्या सुस्थितीतल्या मुलांचे. त्यामुळे त्यांची वजनवाढ होती त्यापेक्षा कमी दिसली असणार. ‘स्टुडंट’ या टोपणनावाने लिहिणारे डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्मिती कंपनीतले संख्याशास्त्रज्ञ विल्यम गॉसेट यांनी १९३१ मध्ये या प्रयोगाची चिरफाड केली. तुलना करायचीच तर एकसारख्या जुळ्यांच्या ५० जोड्या घ्या, प्रत्येक जोडीतल्या एकाला दूध द्या, या वीस हजारांपेक्षा ते भरवशाचे ठरेल, असे त्यांनी सुचवले. वीस हजारांपुढे शंभर मुले!

हे वाचले तेव्हा मला माझाच एक दिवस आठवला. हजेरीपटावर ४३ नावे. माझ्या हातातल्या कागदावर आधीच काढून दिलेले दहा क्रमांक. त्यातला सतरा क्रमांकाचा मुलगा गैरहजर. बाई म्हणाल्या, “तो काय, महिन्यातून आठ दिवस येतो. त्याच्याऐवजी अठरा नंबर घ्या ना, छान वाचते.” खोट त्यांच्या मनात नव्हती. आपला वर्ग पाहुण्यासमोर चांगला दिसावा, एवढेच. नियम असा होता, की दुसऱ्या दिवशी पुन्हा यायचे, तरीही मुलगा मिळाला नाही तर ‘अनुपस्थित’ लिहायचे, बदली मूल घ्यायचे नाही. परतीची गाडी दीड तासाने होती आणि नंतर थेट संध्याकाळी. मी अठरा नंबर घेतला. मुलीने उतारा घडाघडा वाचला, मी रकान्यात खूण केली. महिन्यातून आठ दिवस येणारा पोरगा वाचनात कच्चा असण्याचीच शक्यता जास्त, आणि नेमका तोच पाहणीतून गळाला. अशी गळती एकाच दिशेने होते. शंभर शाळांतून शंभर अन्वेषकांनी हेच केले, तर चुका एकमेकींना छेदत नाहीत, त्यांची बेरीज होते. अहवालात शेवटी ‘चूक ३ टक्के’ छापले जाते, त्यात या अठरा नंबरचा हिशेब कुठेच नसतो.

लहान शाळांबद्दलही दोन शब्द. बारा मुलांच्या वर्गात एक मूल तापाने फणफणलेले असले, की शाळेचा निकाल ८ टक्क्यांनी खाली येतो. म्हणून गुणवत्ता यादीच्या अगदी वरच्या टोकाला लहान शाळा जास्त दिसतात आणि अगदी तळालाही त्याच. वरचे टोक पाहून ‘लहान शाळा उत्तम’ असा लेख लिहिणाऱ्याने यादी उलटी धरूनही एकदा वाचावी. अशा योगायोगाने तळाला गेलेल्या शाळा पुढच्या वर्षी बहुधा आपोआपच थोड्या वर सरकतात, त्याचे श्रेय मधल्या काळात जो कार्यक्रम राबवला असेल त्याला मिळते.

क्रमवारीचेही तेच. पंधरा वर्षांच्या मुलांची ‘पिसा’ ही आंतरराष्ट्रीय चाचणी घेणारे आधी शाळा निवडतात, मग शाळेतली मुले, आणि अहवालात देशाचे स्थान ‘या क्रमांकापासून त्या क्रमांकापर्यंत’ असे पट्ट्यात सांगतात. बातमीत पोहोचेपर्यंत पट्ट्याचा एकच आकडा होतो आणि दोन जागांच्या घसरणीवर अग्रलेख पडतो.

जागा नसते, ही अडचण मला ठाऊक आहे. पण किती शाळा, त्या कशा निवडल्या, निवडलेल्या मुलांपैकी प्रत्यक्ष किती तपासली आणि गैरहजरांच्या जागी बदली मुले घेतली का, एवढे दोन ओळींत बसते. ही माहिती बहुतेक अहवालांत शेवटी, परिशिष्टात असते. तिथे ती नसेल, तर आपल्या वार्ताहराने फोन करून विचारावी, आणि उत्तर मिळाले नाही तर ‘उत्तर मिळाले नाही’ असे छापावे. आमच्या वेळी असा एकही फोन आला नव्हता.

आपला,
पाहणीच्या कामातून निवृत्त झालेला एक वाचक