आधी वास घे, मग घोट

सावदा, १४ डिसेंबर

प्रिय बापू,

परवा फोनवर तू म्हणालास, "नाशिकला वाईनरी बघायला जाऊ खरं, पण आपल्याला त्यातलं ओ का ठो कळत नाही, तिथं हसं नाही का व्हायचं?" तेव्हा केळीची गाडी भरणं चालू होतं, नीट बोलता आलं नाही. म्हणून हे पत्र. आणि हशाचं म्हणशील तर माझं मागच्या फेब्रुवारीतच होऊन गेलंय.

भाच्याबरोबर गेलो होतो. रविवार, ही गर्दी, पोटात सकाळचा चहा तेवढा, आणि एका दिवसात चार ठिकाणं उरकायची. पहिल्याच टेबलावर पोरीनं ग्लासाच्या तळाशी दोन घोट ओतले. मी काढा घ्यावा तसा डोळे मिटून एका दमात संपवला. ती हसू दाबत म्हणाली, "काका, आधी वास तरी घ्या." तिनं परत थोडी ओतली, मी नाक घातलं. खोटं नाही सांगत भो, कच्चा पेरू फोडल्यावर येतो ना, तोच वास! मागून हिरव्या ढोबळी मिरचीचं देठ मोडल्यासारखं काहीतरी. ती सोविन्यों ब्लाँ नावाची पांढरी वाईन. पुढं शिराझ नावाच्या लाल वाईनमध्ये मिरीचा वास सापडला. काळा मसाला घरी कुटणारी माणसं आपण, नाक तयारच आहे की. तिसऱ्या ठिकाणी काय प्यालो आठवत नाही, आणि चौथ्या ठिकाणी मी गाडीतून उतरलोच नाही, झोपलो होतो. भाच्यानं फोटो काढून ठेवलाय आणि मामीला दाखवीन म्हणून अजून धमकावतो.

तेव्हा यंदा दिवसाला दोनच. आधी पोटभर जेवायचं, टेबलावर पाणी मागायचं, पांढरीपासून सुरुवात, मग लाल, गोड सगळ्यात शेवटी. नाही आवडली तर उरलेली ओतायला भांडं ठेवलेलं असतं, त्यात खुशाल ओतायची. पैसे दिलेत म्हणून संपवायचीच, हा आपला लग्नाच्या पंगतीतला स्वभाव तिथं नको.

जायचं फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, मंगळवार-बुधवार. तिकडं वेलीला वर्षात दोन छाटण्या. एप्रिलमध्ये खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरात फळाची. पीक मात्र एकदाच, जानेवारी ते मार्च. पावसाळ्यात गेलो तर डोंगर हिरवे दिसतील, घड नाही दिसायचा. आणि मला तुला घडच दाखवायचाय.

बाजारात येतो तो थॉमसन सीडलेस, मांडवावरचा, लांबट मण्यांचा. वाईनची द्राक्षं वेगळीच. वेली तारांवर उभ्या, कुंपणासारख्या, मण्यांचा आकार मोठ्या वाटाण्याएवढा. एक तोंडात टाकला तर साल चिवट, आत बिया, पण गोडी अशी की ओठ चिकटले. मग एक काळा मणी चिमटीत फोडून बघितला. रस जवळजवळ पाण्यासारखा, बोटं मात्र जांभळी! रंग सगळा सालीत. म्हणून लाल वाईन सालीसकट आंबवतात आणि पांढरीचा रस आधीच पिळून साल बाजूला काढतात. जांभूळ खाल्ल्यावर जीभ खरखरते तशी लाल वाईननं होते, तीही त्या सालीची आणि बियांची करामत. हे एवढं कळलं आणि पुढच्या ग्लासाची चवच बदलली. पांढरीचे टाके स्टीलचे, गार ठेवलेले. केळी पिकवायच्या चेंबरमध्ये आपण अंशाअंशाला जपतो, तसंच तिथलं गणित. मी तिथल्या माणसाला वेलीवरच्या भुरी आणि केवडा रोगांची फवारणी विचारली, तर तो मला सोडेचना.

पहिल्या दिवशी गंगापूर धरणाच्या बाजूला सुला आणि जवळच यॉर्क, या दोन वाईनरी. सुलाचे राजीव सामंत अमेरिकेतली नोकरी सोडून आले, नाव ठेवलं आईच्या सुलभा नावावरून, आणि पहिली वाईन बाजारात आली २००० साली. मुक्काम नाशकातच. दुसऱ्या दिवशी दिंडोरीकडे जाऊ, तिकडची बुडबुड्यांची वाईन मला बघायचीय. ती बाटलीतच दुसऱ्यांदा आंबते, तोच वायू आत कोंडून राहतो. दोन्हीकडची फेरी आधी फोन करून ठरवून घेतो.

गाडी अजिबात काढायची नाही. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल निघालं की गुन्हा, आणि तू धुळ्याहून घाटातून येणार! रेल्वेनंच जाऊ. मी भुसावळला बसतो, तू धुळ्याहून चाळीसगावला येऊन चढ. मनमाडनंतर लासलगाव-निफाडकडे खिडकीतून द्राक्षाचे मांडव दिसतील. नाशिकरोडला उतरून दोन दिवसांसाठी ड्रायव्हरसकट गाडी ठरवू. आपल्या राज्यात प्यायला परवाना लागतो, एका दिवसाचाही मिळतो, तो घेऊ. ड्राय डे आहे का तेवढं बघून घे, मधेच कुठली निवडणूक निघाली तर हात हलवत परत यायची पाळी.

घरी काय सांगायचं ते तुझं तू बघ. माझी माय माळकरी, तिला मी "द्राक्षाची शेती बघायला जातो" एवढंच सांगितलंय. खोटं नाही, अर्धं आहे. वहिनींना मात्र खरं सांग, त्यांना यायचं असेल तर आमची हीसुद्धा निघते. मागच्या वेळी तिच्यासाठी आणलेली गोडसर शेनिन ब्लाँ तिनं कपाटात साड्यांमागं लपवली होती. दिवाळीत बघितली तर निम्मी.

शनिवारपर्यंत कळव, मग तिकिटं काढतो. आणि गाडीत खायला धुळ्याची तिखट शेव आण, इकडची फिकी लागते.

तुझा,
नाना