आईची भिशी आणि पावसाळ्याचे तीन महिने

ती. आई-बाबांना,
शि. सा. नमस्कार.

फोनवर हे बोलणं दर वेळी अर्धवट राहतं, कारण धाकटा मध्येच फोन ओढून घेतो आणि आईला भिशीवरून चिडवत बसतो. म्हणून लिहून पाठवते आहे. बाबा, चष्मा लावा आणि आईला मोठ्यानं वाचून दाखवा.

धाकट्याचं म्हणणं, भिशीत दमडीचं व्याज नाही, तेच हजार रुपये दर महिन्याला बँकेच्या आरडीत टाक. कागदावर त्याचं बरोबर आहे. पण त्याला एक तारखेला पगार मिळतो. आपल्या घरात एक तारीख नव्हतीच, हजेरी आणि खाडा एवढंच होतं. दिवाळीच्या आधी आणि लग्नसराईत बाबांना रंगकामातून जेवायला फुरसत नसायची. कोल्हापूरचा पाऊस एकदा बसला की मात्र बाहेरच्या भिंती बंद, आतल्या ओलसर, रंगाआधी भरायची लांबी वाळत नाही. आईच्या खानावळीतल्या चपात्यांचे पैसे वेळेवर यायचे, पण मे महिन्यात पोरं गावाला गेली की खानावळीलाच कुलूप. पैसे कमी होते हे खरंच. त्याहून जास्त छळलं ते पैसे येण्याच्या आणि जाण्याच्या वेळा कधी जुळल्या नाहीत यानं. शाळेच्या वह्या-दप्तरं जूनमध्ये आणि पाऊसही जूनमध्येच.

आता मी इथे पुण्यात लोकांच्या दुकानांचे हिशेब लिहिते, तेव्हा आईचं डोकं कसं चालायचं ते उमगतं. चपात्यांच्या पैशांत रोजची भाजी, दूध, गॅस. बाबांचं उक्तं काम संपून एकरकमी पैसे हातात आले की सगळ्यात आधी किराणावाल्याची उधारी, अगदी पै न पै. मला तेव्हा राग यायचा, की नवा फ्रॉक राहिला आणि शेठजींची वही आधी! पण ती वही कोरी केल्याशिवाय श्रावणात त्यांनी तांदूळ-तेल दिलं नसतं. उरलं तर सोनाराकडची बोरमाळ सोडवायची, जी पुढच्या पावसात पुन्हा तिथेच जायची.

भिशीचंही तसंच. बारा जणी, हजार-हजार, एकीला बारा हजार. पहिला नंबर लागतो ती खरं तर बिनव्याजी कर्ज घेते, शेवटची निव्वळ बचत करते, मधल्या दोन्ही थोडं थोडं. चिठ्ठ्या टाकायच्या आधीच आई सांगून ठेवायची, जूनचा नंबर मला द्या, आणि बायका द्यायच्या, कारण कुणाची नड कधी असते हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक. बँकेच्या साहेबाला ते कुठून ठाऊक असणार? दुसरं म्हणजे आरडी मोडता येते. आत्याचे यजमान उसने मागायला आले की घरात पैसे असताना नाही म्हणणं आईला जमलं नाही, जमणारही नाही. ‘भिशीत अडकलेत’ असं म्हटलं की कुणी रागावत नाही. तेव्हा आई, भिशी चालू ठेव. धाकट्याशी मी बोलते.

पिग्मीबद्दल मात्र माझं थोडं वेगळं मत आहे. दारात येऊन रोज पन्नास रुपये नेणारा माणूस ही सोय फार मोठी, त्यात वाद नाही. १९२८ साली उडुपीच्या एका बँकेनं, जी पुढे सिंडिकेट बँक झाली, रोजचे दोन आणे गोळा करून ही पद्धत सुरू केली, ती हातावर पोट असणाऱ्यांसाठीच. पण बँक बुडाली तर पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा असतो, सहकारी बँकेलाही असतो. तुमची पिग्मी आहे त्या पतसंस्थेला तो नाही. आपल्या ओळखीतल्या लोकांचे पैसे कसे अडकले ते तुम्ही पाहिलंत. म्हणून पिग्मी भरा, पण मुदत संपली की रक्कम काढून बँकेच्या खात्यात ठेवा, पुन्हा तिथेच मुदतठेव करू नका. एजंट आग्रह करेल. त्याला माझं नाव सांगा.

आणि आई, फायनान्सच्या गटाचं कर्ज. शेजारणीसाठी तुझ्या नावावर काढलेलं फिटत आलंय, ते फिटलं की पुन्हा सही करू नकोस. रिझर्व्ह बँकेचा २०२२ पासूनचा नियम आहे, घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत. पण आपल्यासारख्यांचं महिन्याचं उत्पन्न लिहिणार कोण आणि कुठल्या महिन्याचं? ऑक्टोबरचं लिहिलं तर हप्ता सहज बसतो, जुलैचं लिहिलं तर काहीच बसत नाही. किराणावाला ‘पाऊस उघडू दे, मग बघू’ म्हणतो. गटाच्या मीटिंगला तसं कुणी म्हणत नाही. एकीचा हप्ता चुकला की बाकीच्या भरतात आणि मग त्या एकीला गल्लीत तोंड दाखवायची चोरी.

बाबा, तुमच्याकडे दोन कामं. बांधकाम कामगार मंडळाची नोंदणी साठीच्या आतच होते आणि रंगकामही त्यात धरतात. वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो. ठेकेदार टाळाटाळ करतो हे माहीत आहे, तरी या दिवाळीच्या कामाच्या वेळी, त्याला तुमची गरज असतानाच, सही घ्या. दुसरं, सरकारी अपघात विम्याचे वर्षाचे वीस रुपये जूनच्या सुमाराला खात्यातून कापले जातात. खात्यात शून्य असेल तर विमा गुपचूप बंद पडतो. परांचीवर अजून चढता, म्हणून मागे लागते आहे. आणि ठेकेदाराकडून उचल घेऊ नका. उचल घेतली की हजेरीचा दर तो सांगेल तो.

राहिले मी पाठवते ते पैसे. दर महिन्याला तीन हजार पाठवते, ते माझ्या पगाराच्या सोयीनं. जून, जुलै, ऑगस्टला सहा-सहा हजार पाठवले आणि बाकीचे नऊ महिने दोन-दोन, तर वर्षाचे छत्तीस हजार तेवढेच होतात आणि बोरमाळ घरात राहते. चालेल का ते आईनं ठरवावं, हिशेब तिचा आहे. यंदा जूनचा नंबर मिळाला असेल तर जुलैपासून धरू. तसं मला रविवारी फोन करून सांगा, धाकटा घरी नसताना.

तुमची,
थोरली