‘पारंपरिक’ नव्हे, वसंत देसाई

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला संगीतकार वसंत देसाई यांच्यावरचा लेख वाचला. लेखकांचा रागांचा अभ्यास दिसतो. ‘झनक झनक पायल बाजे’च्या (१९५५) शीर्षकगीतासाठी उस्ताद अमीर खाँसाहेबांकडून अडाणा राग गाऊन घेणं, ‘गूंज उठी शहनाई’साठी (१९५९) बिस्मिल्ला खाँसाहेबांची शहनाई चित्रपटात आणणं, हे सगळं त्यांनी मन लावून सांगितलं आहे. पण पानभर मजकुरात प्रार्थनागीतांच्या वाट्याला एकच ओळ आली, आणि तीही ‘याशिवाय’ या शब्दाने सुरू होणारी. मी बत्तीस वर्षं शाळेत पेटी वाजवली. माझ्या लेखी ते ‘याशिवाय’ हेच वसंत देसाईंचं मोठं काम आहे, म्हणून हे पत्र.

आधी नुकताच घडलेला प्रसंग सांगतो. एका आंतरशालेय समूहगान स्पर्धेला मला परीक्षक म्हणून बोलावलं होतं. हातात गाण्यांची छापील यादी दिली. ‘घनश्याम सुंदरा श्रीधरा’, पारंपरिक. ‘उठी उठी गोपाला’, पारंपरिक. ‘ऐ मालिक तेरे बंदे हम’, पारंपरिक. चौथ्या शाळेने ‘हमको मन की शक्ति देना’ म्हटलं, त्यापुढे काहीच छापलेलं नव्हतं. चारही चाली एकाच माणसाच्या, आणि त्या माणसाचं नाव अख्ख्या यादीत नाही. आयोजकांना दाखवलं तर म्हणाले, “सर, अहो, ही सगळ्यांचीच गाणी की!”

मला राग यायला हवा होता, पण आला नाही. कारण नोकरीच्या पहिल्या अकरा वर्षांत प्रार्थनेच्या फळ्यावर मीच माझ्या अक्षरात ‘पारंपरिक’ असं लिहीत होतो. एकदा रेडिओवर निवेदिकेने गाण्याआधी सवयीप्रमाणे चित्रपट, गीतकार, संगीतकार अशी नावं सांगितली आणि मी हातातला चहा खाली ठेवला. रेडिओचं हे एक बरं होतं, गाणं लावण्याआधी ते कुणाचं आहे हे सांगायचे. आता मोबाइलवर गाणं लावलं की फार तर गायकाचं नाव दिसतं.

‘घनश्याम सुंदरा’चे शब्द जुने आहेत हे मान्य. ते पेशवाईतल्या शाहीर होनाजी बाळाचे. पण ज्या चालीत आज कोकणापासून विदर्भापर्यंत ही भूपाळी म्हटली जाते, ती ‘अमर भूपाळी’ या १९५१ च्या चित्रपटातली आहे, पंडितराव नगरकर आणि लताबाईंच्या आवाजातली. ‘उठी उठी गोपाला’ तर शब्दांनीही जुनी नाही. बाळ कोल्हटकरांनी ती ‘देव दीनाघरी धावला’ या नाटकासाठी लिहिली, कुमार गंधर्व गायले. आमच्या गावच्या काकड आरतीला ती जुन्या भूपाळ्यांच्या ओळीत बसून म्हटली जाते आणि कुणाला शंकाही येत नाही. ‘श्यामची आई’तलं (१९५३) ‘भरजरी गं पीतांबर’ आचार्य अत्र्यांचं. माझी आई ते जात्यावरची ओवी समजून म्हणायची. चित्रपट तिने पाहिला नव्हता.

हे असं का होतं, याचा मी पेटीसमोर बसून बराच विचार केला आहे. शाळेची प्रार्थना ही गाण्यातली सर्वात अवघड मैफल. पाचवीतली चिमुरडी, आवाज फुटलेली नववीची पोरं, मागच्या रांगेत नुसते ओठ हलवणारे शिक्षक, आणि सगळ्यांना एकच पट्टी. चाल जरा खाली गेली की लहान मुलांचा आवाज गुडुप होतो. वर गेली की मोठी मुलं ओरडतात. ‘ऐ मालिक’ घ्या. मुखडा मध्य सप्तकात, बोलण्याच्या आवाजाच्या जवळपास फिरतो. ओळी आखूड, एका दमात संपणाऱ्या. ‘नेकी पर चले और बदी से टले’ ही त्यातल्या त्यात लांब ओळ मधोमध आपोआप मोडते, तिथे श्वास घेता येतो. अंतऱ्यात चाल चढते, पण पायरी-पायरीने, त्यामुळे पोरं न घाबरता वर जातात. काळी एक ही पट्टी धरली की माझी अख्खी शाळा गाऊ शकत होती. त्या दिवशी पेटी नादुरुस्त असली तरी काही अडत नसे.

ही सोय योगायोगाची नाही. ‘दो आँखे बारह हाथ’मध्ये (१९५७) हे गाणं आहे ते खुनाची शिक्षा भोगणाऱ्या सहा कैद्यांच्या गोष्टीत. गोष्ट गदिमांची, आणि तिच्यामागे औंध संस्थानातल्या स्वतंत्रपूरच्या खुल्या तुरुंगाचा खराखुरा प्रयोग. अशा माणसांच्या तोंडी शोभेल अशी प्रार्थना करायची, तर तिच्यात ताना-मुरक्या घालून चालणार नव्हतं. गायल्या लताबाई, पण चाल मात्र कधी गाणं न शिकलेल्या घशासाठी बांधलेली आहे. त्याच चित्रपटात ‘सैंया झूठों का बडा सरताज निकला’ ऐका, तिथे हेच देसाई किती मोकळे सुटले आहेत ते कळेल.

याहून चांगला दाखला ‘गुड्डी’चा (१९७१). लेखात ‘बोले रे पपीहरा’वर दोन परिच्छेद आहेत, मियाँ मल्हारवर. योग्यच आहे. पण त्याच चित्रपटात, त्याच वाणी जयराम यांच्या आवाजात ‘हमको मन की शक्ति देना’ आहे, आणि ते केदारात आहे. केदार! दोन्ही मध्यमांचा, वाकडी वाट धरणारा राग. क्लासमध्ये मुलांना शिकवायला घेतला की महिना जातो. तो राग या माणसाने हजारो शाळांमधल्या मुलांच्या तोंडी घातला आणि मुलांना पत्ताही लागू दिला नाही. पपीहरा ऐकून आपण वाणीबाईंना दाद देतो. प्रार्थना ऐकून कुणालाच दाद देत नाही, आपणही रांगेत उभे राहून म्हणायला लागतो. दोन्हींत अवघड काय, हे लेखकांनी एकदा तपासून पाहावं अशी विनंती.

हे त्यांच्यात कुठून आलं असावं? माझा अंदाज असा, की आमच्या सिंधुदुर्गातली कीर्तनं आणि दशावतार कानावर घेऊन वाढलेल्या माणसाला समोरच्या गर्दीला धरून गायचं म्हणजे काय, हे वेगळं शिकावं लागत नाही. त्यात कोल्हापुरात ‘प्रभात’ फिल्म कंपनीतली उमेदवारी. मिसरूड फुटायच्या वयात ते कंपनीत शिरले. पुढे गोविंदराव टेंबे, केशवराव भोळे, मास्तर कृष्णराव यांचं काम त्यांनी जवळून पाहिलं. ‘संत तुकाराम’मधलं ‘आधी बीज एकले’ शांताराम आठवल्यांनी लिहिलेलं असूनही लोक ते तुकोबांचंच समजत, ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. मास्तरांनी ‘शेजारी’त ‘लखलख चंदेरी’सारखं शेकडोंचं समूहगीत उभं केलं तेव्हाही देसाई तिथेच होते. नवं गाणं जुन्यासारखं मुरवायचं आणि घोळक्याला गाता येईल असं करायचं, हा ‘प्रभात’चा धडा होता. १९४३ ला व्ही. शांताराम यांच्या राजकमलच्या ‘शकुंतला’त त्यांनी तो स्वतंत्रपणे गिरवला.

एरवी माणूस एकाच साच्यातला नव्हता. पडद्यावर एकटे सुनील दत्त असलेला ‘यादें’ (१९६४) आणि एकही गाणं नसलेला ‘अचानक’ (१९७३), या दोन्ही चित्रपटांचं संगीत त्यांचंच. पंडित जसराज चित्रपटासाठी पहिल्यांदा गायले ते ‘लडकी सह्याद्री की’मध्ये (१९६६), यांच्याकडेच. आणि त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रसंघात एम. एस. सुब्बलक्ष्मींनी कांचीच्या शंकराचार्यांचं, म्हणजे परमाचार्यांचं, ‘मैत्रीं भजत’ गायलं, त्याचीही चाल देसाईंची. म्हणजे तिथेही पुन्हा प्रार्थनाच! चीनच्या युद्धानंतर ‘छोटा जवान’साठी (१९६३) गदिमांचं ‘जिंकू किंवा मरू’ त्यांनी बांधलं. प्रजासत्ताकदिनाच्या प्रभातफेरीत ते चालता चालता म्हणता येतं, पावलं आपोआप जुळतात, हे मी मुलांबरोबर चालत अनुभवलं आहे. (‘छडी लागे छम छम’ही त्यांचंच, हे मी वर्गात मुद्दामच सांगत नसे.)

२२ डिसेंबर १९७५ रोजी मुंबईत लिफ्टच्या अपघातात ते गेले. त्या दिवशीही सकाळी कुठल्या ना कुठल्या शाळेत त्यांची चाल म्हटली गेली असणार.

आता मागणं. आपल्या मुलांच्या पानावर दर आठवड्याला एक प्रार्थना किंवा समूहगीत छापलं जातं. त्याखाली कवीचं नाव असतं, संगीतकाराचं नसतं. तेवढी एक ओळ वाढवावी. समूहगानाच्या स्पर्धा भरवणाऱ्यांनी ‘पारंपरिक’ लिहिण्याआधी निदान एकदा कुणाला तरी विचारावं. माझ्या जुन्या शाळेतल्या फळ्यावरची चूक मी गेल्या सोमवारी स्वतः जाऊन पुसून आलो. शिपायाने ओलं फडकं दिलं आणि विचारलं, “सर, म्हणजे इतकी वर्षं चुकीचं होतं?” होतं, म्हटलं.

ता. क. : लेखात देसाईंचं जन्मगाव सोनवडे हे सावंतवाडी तालुक्यात असल्याचं छापलं आहे. १९१२ साली ते सावंतवाडी संस्थानात होतं. आज तालुका कुडाळ. कुडाळकर हे सोडणार नाहीत, म्हणून कळवतो.

आपला,
एक निवृत्त संगीतशिक्षक, सिंधुदुर्ग