परीक्षेचा फॉर्म मला स्वतः भरू द्या

संपादक महोदय,

मी नाशिकरोडला राहते, बँकेत नोकरी करते आणि नोकरी सांभाळून मराठीत एम. ए. करते आहे. मला जन्मापासून दिसत नाही. बँकेत दिवसभर माझं काम संगणकावरच चालतं. एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर पडद्यावरची अक्षरं मला वाचून दाखवतो आणि मी कीबोर्डवरून एंट्र्या टाकते. ऑस्ट्रेलियातल्या एका दृष्टिहीन तरुणाने 2006 साली सुरू केलेलं हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि मराठीही वाचतं. एवढं सविस्तर सांगण्याचं कारण असं, की विद्यापीठाची वेबसाइट मला वापरता येत नाही म्हटलं की समोरचा म्हणतो, ‘दिसत नाही तर कशी वापरणार?’ पण याच स्क्रीन रीडरने मी वीजबिल भरते, पैसे पाठवते, आपलं वर्तमानपत्रही वाचते. अडतं ते विद्यापीठाच्या पानावर.

परीक्षेचा फॉर्म उघडला की पेपरांची यादी येते. डोळसांना प्रत्येक चौकटीपुढे विषयाचं नाव दिसतं. मला ऐकू येतं ते असं: ‘चेकबॉक्स नॉट चेक्ड, चेकबॉक्स नॉट चेक्ड, चेकबॉक्स नॉट चेक्ड.’ पान बनवणाऱ्याने चौकट आणि तिचं नाव एकमेकांना जोडलेलंच नाही. त्यामुळे भाषाविज्ञान कुठलं आणि लोकसाहित्य कुठलं, हे कळायला मार्ग नसतो. जन्मतारीख टाइप करता येत नाही, कॅलेंडरवर माउसनेच क्लिक करावं लागतं. सगळ्यात शेवटी कॅप्चाची वेडीवाकडी अक्षरं. ती ऐकवण्याची सोय नाही, म्हणून फॉर्म तिथेच थांबतो.

मग बिटको चौकातला सायबर कॅफे गाठायचा. तिथला मुलगा भला आहे, पण त्याला माझा पासवर्ड सांगावा लागतो, फोनवर आलेला ओटीपी सांगावा लागतो. आधार आणि दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र त्याच्या संगणकावर जातं. रांगेत उभे असलेले सगळे ऐकत असतात. बँकेत आम्ही ग्राहकांना रोज बजावतो की ओटीपी कुणालाही सांगू नका. विद्यार्थिनी म्हणून मला तो सांगण्यावाचून गत्यंतर उरत नाही, आणि हे मला मनापासून खुपतं.

फॉर्म वर्षातून दोनदाच भरायचा असतो. सूचना आणि परिपत्रकं मात्र सतत येतात, आणि खरा अडथळा तिथे आहे. वेळापत्रक परीक्षा विभागात संगणकावरच टाइप होतं. मग त्याची प्रिंट निघते, सही-शिक्का होतो आणि तो कागद स्कॅन करून वेबसाइटवर टाकला जातो. स्कॅन झालं की अक्षरांचं चित्र होतं. फाइल उघडली की स्क्रीन रीडर गप्प. चित्रातून अक्षरं काढणारं ओसीआर वापरावं, तर नेमकी शिक्क्याखालची तारीख आणि तक्त्यातल्या वेळा चुकतात. परीक्षेच्या तारखेला अंदाज कसा चालेल? काही परिपत्रकं स्कॅन केलेली नसतात, पण युनिकोड, म्हणजे कुठल्याही संगणकाला मराठी अक्षरं मराठी म्हणूनच ओळखता येतात ती पद्धत, नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये असतात. पडद्यावर स्वच्छ मराठी दिसते म्हणे. मला इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं यांची खिचडी ऐकू येते. मराठी विषयाचीच मराठी सूचना मला मराठीत ऐकता येऊ नये, याचं फार वाईट वाटतं.

वेबसाइटच्या माथ्यावर अक्षरं लहानमोठी करण्याची बटणं असतात आणि ‘स्क्रीन रीडर ॲक्सेस’ नावाचं पान असतं. त्या पानावर काय, तर स्क्रीन रीडरच्या नावांची यादी. ज्याला ते पान वाचता आलं, त्याच्याकडे स्क्रीन रीडर आधीपासून आहेच. त्याला फॉर्म भरता यायला हवा.

विद्यापीठाचं नाव लिहीत नाही, कारण वेगवेगळ्या विद्यापीठांत शिकणाऱ्या माझ्या मैत्रिणींची रड हीच आहे. कर्णबधिर मुलांना व्याख्यानांच्या व्हिडिओखाली मजकूर हवा असतो, अल्पदृष्टी असणाऱ्यांना फिकट रंगावरची फिकट अक्षरं वाचवत नाहीत, ज्यांचे हात थरथरतात त्यांना माउस धरता येत नाही. त्यांच्या अडचणी त्यांनीच मांडाव्यात, अधिक नेमक्या मांडतील.

सरकारी संकेतस्थळांसाठी केंद्राने मार्गदर्शक तत्त्वं काढली त्याला बराच काळ लोटला. ती पहिल्यांदा 2009 साली आली. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 चा. त्याच्या कलम 32 प्रमाणे उच्च शिक्षणात किमान 5 टक्के जागा आमच्यासाठी राखीव आहेत, आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमातला मजकूर आम्हाला वापरता येईल अशा स्वरूपात असावा, असं कलम 42 सांगतं. डिजिटल केवायसी, म्हणजे ऑनलाइन ओळख पटवताना डोळे मिचकावून दाखवा म्हणतात, त्याविरुद्धच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 30 एप्रिल 2025 रोजी निकाल दिला. डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं त्यात म्हटलं आहे. जागा राखीव ठेवायची आणि तिथवर नेणारा फॉर्म मात्र आम्हाला भरता येऊ नये, हे या कायद्यात कुठेच बसत नाही.

वेबसाइट नव्याने करायची निविदा निघेल तेव्हा ती स्क्रीन रीडरने वापरता यावी अशी अट त्यात घालावी आणि ठेकेदाराचं शेवटचं बिल देण्याआधी स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांकडून संपूर्ण फॉर्म भरून घ्यावा. सातपूरपासून देवळालीपर्यंत असं काम रोज करणारे पदवीधर आहेत. त्यांना मानधन देऊन बसवावं, उपकार म्हणून बोलावू नये. पण त्याला वेळ लागेल हे मी समजू शकते. परिपत्रकांसाठी मात्र निविदा लागत नाही, पैसे लागत नाहीत. सही-शिक्क्याची प्रत दफ्तरी ठेवा आणि युनिकोडमध्ये टाइप केलेली मूळ फाइल थेट पीडीएफ करून वेबसाइटवर टाका. कुलसचिवांनी आणि परीक्षा विभागाने एवढा एक लेखी आदेश पुढच्या सत्राचं वेळापत्रक लागण्याआधी काढावा, ही माझी कळकळीची विनंती आहे.

आपली,
एक दृष्टिहीन विद्यार्थिनी,
नाशिकरोड