दादा, आधी तुझं रक्त

केंब्रिज, रविवार

प्रिय दादा आणि वहिनी,
सा. न.

परवा फोनवर वहिनीला रडू आलं आणि मलाही पुढे बोलता येईना, म्हणून लिहायला बसले. माझा थायरॉईडचा कॅन्सर आपल्या घराण्यातून आलेला निघाला, त्याबद्दल. सावकाश वाचा. वाचून झालं की दादा, तू रक्त तपासायला दे. फक्त तुझं. तुमच्या चिमूचं आत्ता नको.

आयोडीनच्या धास्तीने आईने मीठ बदललंय म्हणे. तिला सांग, मिठाचा यात काडीचाही दोष नाही. थायरॉईडचे नेहमी दिसणारे कॅन्सर ज्या पेशींचे असतात, त्या आयोडीन ओढून घेतात. माझा कॅन्सर ‘सी’ पेशींचा. त्या राहतात थायरॉईडमध्ये, पण त्यांचं काम वेगळं. त्या कॅल्सिटोनिन नावाचं संप्रेरक बनवतात आणि आयोडीनला हातही लावत नाहीत. याला मेड्युलरी म्हणतात. थायरॉईडच्या शंभर कॅन्सरमध्ये असे पाचसुद्धा नसतात. आत्याला ऑपरेशननंतर आयोडीनचा डोस दिला होता, तो का लागू पडला नाही ते मला इथे येऊन कळलं.

आणि आत्याचं पोट! लग्नाकार्यात ती पंगतीला बसायची नाही, आठवतं? नुसतं पाणी पिऊन मागच्या दारापाशी बसायची, कारण जेवली की धावावं लागायचं. आपण सगळे म्हणायचो, हिचं पोट नाजूक. रक्तात कॅल्सिटोनिन फार वाढलं की असे जुलाब होतात. इतकी वर्षं तिने ते लाजत सोसलं, याचं मला फार वाईट वाटतं.

बाबांबद्दल लिहिताना हात थांबतो. त्यांचं डोकं ठणकायचं, शर्ट घामाने भिजायचा, छाती धडधडायची. आपण म्हणायचो, बाबा तापट आहेत. साध्या हर्नियाच्या ऑपरेशनला गेले आणि टेबलावर बीपी असं चढलं की परत आले नाहीत. या आजाराच्या घराण्यांत काहींना मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत गाठ होते, तिला फिओक्रोमोसायटोमा म्हणतात. डोकेदुखी, घाम आणि धडधड ही तिचीच तीन लक्षणं. ती गाठ ध्यानात न घेता भूल दिली तर बीपी आवरत नाही. बाबांचं तेच झालं असणार असं माझ्या डॉक्टरांनाही वाटतं. म्हणून माझ्या गळ्याला हात लावण्याआधी त्यांनी मेटानेफ्रिनची, म्हणजे ती गाठ आहे का ते सांगणारी, तपासणी करून घेतली. दादा, तुझ्यावर कुठलंही ऑपरेशन ठरलं, अगदी किरकोळ असलं तरी, ही तपासणी झाल्याशिवाय टेबलावर चढायचं नाही. मला शब्द दे.

आता मूळ कारण. रेट नावाचं एक जनुक आहे, दहाव्या गुणसूत्रावर. ते पेशीला ‘वाढ’ असा हुकूम देतं आणि काम झालं की गप्प बसतं. आपल्या विहिरीवरच्या मोटरचा स्टार्टर चिकटला होता ते आठव, बटण दाबलं तरी बंद होईना. आपल्या घराण्यात रेटचा स्टार्टर तसा चिकटलाय, 634 या ठिकाणी. हा दोष अशा घराण्यांच्या मुळाशी आहे हे 1993 साली सापडलं, आणि ते शोधणाऱ्यांत याच गावातले ब्रूस पाँडर आणि त्यांचे सहकारी होते. मी याच गावात रोज सायकल चालवते. आत्याचा गळा सुजला तेव्हा हे कुणालाच ठाऊक नव्हतं. आपल्याला ठाऊक आहे.

वहिनी, तू विचारलंस की आपल्या हातून काय चुकलं. काही नाही गं. मेड्युलरीच्या चार रुग्णांतल्या साधारण एकालाच तो घराण्यातून येतो, आणि आपण त्यातले निघालो. रेटचा दोष बाबांकडून मला आला, तसा दादाकडे आला असेल किंवा नसेलही, शक्यता निम्मी-निम्मी. दादाकडे नसेल तर चिमूला तो त्याच्याकडून येऊच शकत नाही. मग तिला सुई टोचायचीही गरज नाही. म्हणून आधी दादा.

असेल तर मात्र वेळ काढू नका. 634 चा दोष असलेल्या मुलांची थायरॉईड पाचव्या वर्षी किंवा त्याआधीच काढून टाकतात, कॅन्सर धरायच्या आधी. चिमू दिवाळीनंतर पाचची होईल. ऐकायला भयंकर वाटतं, पण पुढे रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी, एवढंच. शाळा, खेळ, पुढे लग्न, मुलंबाळं, काही अडत नाही. सर्जन मात्र लहान मुलांच्या थायरॉईडचा सराव असलेलाच हवा. शेजारच्या इवल्याशा ग्रंथी दुखावल्या तर कॅल्शियम उतरतं. मला दुसऱ्या दिवशी ओठांभोवती मुंग्या आल्या होत्या, बोटं आखडली होती. चार दिवसांत गेलं सगळं.

माझं कॅल्सिटोनिन आता मोजता येणार नाही इतकं खाली आहे. दर सहा महिन्यांनी तपासतात. नर्स रक्ताची नळी लगेच बर्फात ठेवते, कारण ते लवकर नासतं. तुझं करायची वेळ आली तर तिथेही बर्फाचं विचार.

आत्यासाठी सेल्परकॅटिनिब नावाची गोळी आहे, नेमकी रेटलाच अडवणारी. 2023 साली छापून आलेल्या चाचणीत ती घेणाऱ्या शंभरातल्या 87 जणांचा आजार वर्षभर वाढला नव्हता. जुन्या औषधांवर तो आकडा 66 होता. महाग आहे, पण आत्याचे कागद घेऊन टाटाच्या डॉक्टरांना विचाराच.

माझ्या जनुकाच्या रिपोर्टची प्रत सोबत आहे. खारघरला टाटाचा कॅन्सर जनुकांचा विभाग आहे, तिथे ती दाखव. दोष कुठे आहे ते माहीत असलं की त्यांना तेवढी एकच जागा बघावी लागते. साताऱ्याहून पहाटेची एसटी धर. पैसे मी पाठवलेत, त्यावरून वाद घालू नकोस.

चिमूला अजून काही सांगू नका. तिच्या वाढदिवसाला मी येतेय, तिकीट काढलंय.

तुझी,
ताई नव्हे, अजूनही धाकटीच