लॉनआधी चराचं बघा

संपादक महोदय,

आमच्या गुहागर तालुक्यात हल्ली नवं घर बांधलं की अंगणात लॉन आलंच. तीन वर्षांपूर्वी मुलाच्या हौसेने आम्हीही घातलं. ठेकेदाराने चोपून केलेलं जुनं अंगण उकरलं, चार ब्रास माती पसरली आणि वर गवत लावलं. ती माती भाताच्या खाचरातली होती, हे आम्हाला मागाहून कळलं.

खाचरात आपण चिखलणी करतो ती पाणी खाली जिरू नये म्हणूनच. वर्षानुवर्षं पाणी धरून ठेवणारी माती अंगणात येऊन निराळी कशी वागेल? पहिल्याच श्रावणात गवत पिवळं पडलं. पाऊल टाकलं की पचपच, उचललं की तिथे डबकं. पहारीने उकरून पाहिलं तर वीतभर खाली माती निळसर राखाडी, मुळं काळी आणि कुजक्या अंड्यासारखा वास. कुणीतरी युरिया टाकायला सांगितला, तोही टाकला. मुळांना हवाच नाही, तिथे खत काय करणार!

माझे वडील मिरगाआधी पागोळ्यांखालचा चर न चुकता साफ करायचे. तो पुढे पऱ्ह्याला, म्हणजे लहान ओढ्याला, मिळायचा. लॉनसाठी आम्ही तोच बुजवून वर पेव्हर ब्लॉक बसवले होते. गेल्या मे महिन्यात तो पुन्हा उघडला. दीड फूट खोल, तळाशी भोकांचा पाइप, वर खडी. खाचरातली माती काढून तांबडी माती, नदीची रेती आणि शेणखत घातलं, दर दहा फुटांना दोन इंच ढाळ दिला. समुद्राची वाळू मात्र कुणी वापरू नये, तिच्यातल्या खाराने गवत जळतं. चालायला चिरे टाकलेत. ओल्या लॉनवर पाय द्यायचा नाही, मशीन फिरवायचं नाही.

यंदा रात्रभर कोसळून गेला तरी सकाळचा चहा होईपर्यंत अंगणातलं पाणी ओसरतं. अडतं ते पुढे. पूर्वी चिऱ्यांचा गडगा होता, त्याच्या फटींतून पाणी निघून जायचं. आता तिथे सिमेंटची सलग भिंत आहे आणि तिला एकही भोक नाही. पाणी तुंबून शेजारच्या माडांच्या आळ्यांत शिरतं. ग्रामपंचायतींना माझी कळकळीची विनंती आहे, कंपाउंडला परवानगी देताना पावसाळ्यातलं पाणी कुठून जाणार ते जागेवर येऊन बघावं, आणि तेही मे महिन्याच्या आत.

– एक वाचक, ता. गुहागर, जि. रत्नागिरी